नव्या टाकीत मासे सोडताना : पाण्याचा दर्जा राखण्याची सविस्तर पद्धत

नव्या टाकीतले मासे सहसा पहिल्या दिवशी मरत नाहीत. पहिले तीन-चार दिवस ते खातात, टाकीभर फिरतात, आणि मग पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कधीतरी एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. पाणी तेव्हाही निर्मळ दिसत असते, त्यामुळे दोष दुकानातून आणलेल्या माशांना, खाद्याला किंवा चक्क नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण पाण्यात साठलेला अमोनिया किंवा नायट्राइट हे असते, आणि ही दोन्ही द्रव्ये माशांना घातक ठरतील इतकी वाढली तरी त्यांना रंग नसतो आणि त्या प्रमाणात वासही जाणवत नाही. म्हणून मासे केव्हा सोडायचे आणि किती सोडायचे, हे पाणी किती दिवस भरून ठेवले आहे किंवा ते किती स्वच्छ दिसते यावरून न ठरवता चाचणीच्या आकड्यांवरून ठरवावे. या लेखातील सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्वाधिक खपणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घेतली आहे. आपली टाकी वेगळ्या मापाची असल्यास आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

टाकीत खरोखर किती पाणी आहे

औषध, मीठ, क्लोरीननाशक, सगळ्यांच्या मात्रा लिटरवर ठरतात, त्यामुळे हा हिशेब आधी करावा. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ६१ ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. २४ × १२ × १२ ला ६१ ने भागले की साधारण ५६ लिटर येतात. पण टाकी काठोकाठ भरत नाहीत, तळाशी खडी असते, दगड असतात, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपासच भरते. पहिल्यांदा पाणी भरताना मापाच्या बादलीने मोजून भरले तर शंकाच उरत नाही. दुकानदार ‘साठ लिटरची टाकी’ म्हणतो तेव्हा तो काचेचे माप सांगत असतो, पाण्याचे नव्हे.

पाणी कुठून येते

महाराष्ट्रात एकाच शहरात दोन घरांचे पाणी वेगळे असू शकते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचे आणि पुण्याच्या मोठ्या भागाला खडकवासल्याचे पाणी मिळते. हे पावसाचे साठवलेले पाणी असल्याने त्यात क्षार कमी असतात. याउलट शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत, तसेच मराठवाड्यातील बहुसंख्य गावांत बोअरचे पाणी येते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास किंवा त्याहून वर असू शकतो. यांपैकी कोणतेही पाणी मुळात वाईट नाही. मॉली, प्लॅटी आणि गप्पी बोअरच्या पाण्यात खुशाल राहतात, निऑन टेट्राला मात्र हलके, म्हणजे कमी क्षारांचे, पाणी मानवते.

अडचण येते ती मिश्र पुरवठ्यात. एप्रिल-मे महिन्यांत अनेक गृहनिर्माण संस्था महापालिकेच्या पाण्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळतात, आणि वरच्या मजल्यावरच्या नळाला आज येणारे पाणी मागच्या रविवारच्या पाण्यासारखे नसते. अशा घरात प्रत्येक वेळी पाणी बदलण्यापूर्वी सामू मोजावा आणि फरक मोठा दिसला तर एकदम निम्मे पाणी न बदलता दोन दिवसांत थोडे थोडे बदलावे. संस्थेच्या सूचनाफलकावर ‘उद्या पाण्याची टाकी धुतली जाईल’ अशी चिठ्ठी लागली की त्यानंतरचे दोन दिवस माशांच्या टाकीला त्या पाण्याचा थेंबही दाखवू नये, कारण टाकी धुतल्यावर ब्लीचिंग पावडरचा हात सढळ सुटलेला असतो.

घरात आरओचे यंत्र असलेल्यांना त्याचे पाणी वापरण्याचा मोह होतो. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामू स्थिर ठेवणारे काहीच उरत नाही, त्यामुळे ते एकटे वापरू नये. फार जड बोअरच्या पाण्यात ते निम्मे किंवा एक-तृतीयांश मिसळणे मात्र उपयोगी ठरते. याच यंत्रामुळे घरोघरी टीडीएस मोजण्याचे पेन आले आहे. ते पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते, अमोनियाबद्दल काहीही सांगत नाही. टीडीएस १५० आहे म्हणून पाणी माशांसाठी चांगले आहे, असा अर्थ काढणे चूक आहे.

क्लोरीन

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी पोहोचणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे लागते. माणसाला ते सुरक्षित ठेवते, पण माशांच्या कल्ल्यांना भाजते आणि पुढे ज्यांच्यावर सगळी भिस्त आहे त्या जिवाणूंनाही मारते. उघड्या बादलीत हवेचा पंप लावून पाणी चोवीस तास ठेवले तर मुक्त क्लोरीन उडून जाते. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. दुकानात ते ‘अँटी-क्लोरीन’ या नावाच्या पातळ द्रावणाच्या रूपात मिळते, तर रसायनांच्या दुकानात ‘हायपो’चे खडे स्वस्तात मिळतात. १० ग्रॅम हायपो १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्या द्रावणाचे १ मिलिलिटर दर १० लिटर पाण्याला टाकले तर लिटरमागे एक मिलिग्रॅमहून थोडे अधिक क्लोरीन निकामी होते, आणि नेहमीच्या दिवसांत तेवढे पुरते.

‘पाणी भरा आणि चोवीस तासांनी मासे सोडा’ हा दुकानातला नेहमीचा सल्ला येथूनच आला आहे. तो क्लोरीनपुरता बरोबर आहे, पण मासे बहुधा क्लोरीनने मरत नाहीत.

अमोनिया किती आणि कशातून

मासे प्रथिने पचवतात आणि त्यांतील नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा सडूनही अमोनियाच तयार होतो. म्हणजे अमोनियाचा उगम माशांची संख्या नसून खाद्याचा डबा आहे, आणि तो मोजता येतो. मत्स्यपालनातील ठोकताळा असा की खाद्याचे वजन, त्यातील प्रथिनांचे प्रमाण आणि ०.०९२ यांचा गुणाकार केला की नायट्रोजनच्या हिशेबात अमोनिया मिळतो. ४० टक्के प्रथिने असलेले अर्धा ग्रॅम खाद्य रोज टाकले तर सुमारे १८ मिलिग्रॅम होतात. ४५ लिटर पाण्यात ते लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम दररोज असे साठत जातात. आठवड्याभरात हा आकडा तीनच्या जवळ पोहोचतो. अर्धा ग्रॅम खाद्य म्हणजे फार नाही. घरातल्या तीन माणसांनी ‘आज कुणी खायला घातले का’ असे न विचारता चिमूट-चिमूट टाकले की तेवढे सहज होते.

या अमोनियाची विषारी धार सामूवर अवलंबून असते. पाण्यात त्याची दोन रूपे असतात, एक तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरे विषारी मुक्त अमोनिया. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला सामू ७ असेल तर मुक्त अमोनियाचा वाटा एका टक्क्याच्याही आत असतो, ८ असेल तर पाच-सहा टक्के आणि ८.५ असेल तर पंधरा टक्क्यांच्या पुढे जातो. चाचणीत दोघांचेही पाणी लिटरमागे १ मिलिग्रॅम दाखवत असले तरी तलावाचे हलके पाणी वापरणाऱ्याचे मासे तग धरतील आणि बोअरचे पाणी वापरणाऱ्याचे मासे संध्याकाळपर्यंत कल्ले फाकवून बसतील, ते या कारणाने. मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास गेला तरी कल्ल्यांना इजा होऊ लागते.

जिवाणू तयार करणे, तेही मासे नसताना

अमोनियावरचा टिकाऊ उपाय जिवाणू हाच आहे. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि नायट्रेट तुलनेने सौम्य असल्याने पाणी बदलून काढता येते. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टरला दिलेले असते, पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. हे जिवाणू अत्यंत सावकाश वाढतात. दूध नासवणाऱ्या जिवाणूंची संख्या तासाभरात कितीतरी पट होते, यांना मात्र एकदा दुप्पट व्हायला निम्मा ते एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून नव्या टाकीला तीन ते सहा आठवडे द्यावे लागतात. हौशी मंडळी याला ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात.

हे मासे सोडून करता येते आणि मासे न सोडताही. दुसरा मार्ग निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या मार्गात जिवाणू वाढेपर्यंत मासे त्याच विषात राहतात, आणि जे वाचतात त्यांचे कल्लेही धड राहत नाहीत.

टाकी मांडून, क्लोरीन काढलेले पाणी भरून फिल्टर सुरू करावा. दोन फुटी टाकीला हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर उत्तम, कारण जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि स्पंजच्या छिद्रांत त्यांना जागाही मिळते आणि हवाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होण्यासाठी जवळजवळ साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणून पंप रात्री आवाज होतो या कारणाने बंद करू नये.

आता जिवाणूंना खाद्य द्यायचे. त्यासाठी अमोनियम क्लोराइड लागते, म्हणजे भांड्यांना कल्हई लावताना वापरतात तो नवसागर. मात्र बाजारातला कल्हईचा नवसागर बऱ्याचदा अशुद्ध असतो, त्यामुळे शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीची छोटी बाटली आणावी. ६ ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावा. या द्रावणाचे १ मिलिलिटर दर १० लिटर पाण्याला टाकले की अमोनिया लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतो. आपल्या ४५ लिटरला साडेचार मिलिलिटर पुरतात, आणि ते मोजायला औषधाच्या दुकानातली पाच मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज सोयीची पडते. बाटलीवर नाव आणि तारीख लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. जास्त टाकल्याने काम लवकर होत नाही. अमोनिया पाचच्या पुढे गेला की नायट्राइट इतके साचते की चाचणीचा रंग वाचताच येत नाही आणि सगळी प्रक्रिया रखडते.

दुसऱ्या दिवसापासून अमोनिया मोजावा. चाचणीच्या पट्ट्यांपेक्षा थेंबांचा संच अधिक भरवशाचा असतो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू अशा चारही चाचण्या असलेला संच घ्यावा. नळी टाकीच्याच पाण्याने विसळून पाच मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरावी, थेंब टाकताना बाटली उभी धरावी, सांगितलेली मिनिटे घड्याळ लावून थांबावे आणि रंग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कार्डावर नळी टेकवून वाचावा. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि हिरवट-पिवळा यांत फरक दिसत नाही, आणि अमोनियाच्या चाचणीत नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो. नायट्रेटच्या संचातील दुसऱ्या बाटलीत तळाशी रसायन बसते, ती अर्धा-एक मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकले तर आकडा खोटा कमी येतो.

पहिले काही दिवस, कधी आठवडाभरही, काहीच हलत नाही. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसू लागते. अमोनिया पावपर्यंत आला की पुन्हा नवसागराची मात्रा द्यावी. नायट्राइटचा टप्पा बहुधा सगळ्यात लांबतो, आणि तेथेच लोकांचा धीर सुटतो. या काळात पाणी कधी दुधाळ होते. ते सेंद्रिय पदार्थांवर जगणारे दुसरे जिवाणू असतात, आठवड्याभरात आपोआप निवळते. ते पाहून टाकी रिकामी करून धुतली तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

संध्याकाळी नवसागराची पूर्ण मात्रा दिल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असे लागोपाठ दोन-तीन वेळा आढळले म्हणजे टाकी तयार झाली. तोवर नायट्रेट बरेच साचलेले असते, म्हणून मासे आणण्याच्या आदल्या दिवशी ऐंशी-नव्वद टक्के पाणी बदलून घ्यावे. जिवाणू पाण्यात नसल्याने ते वाहून जात नाहीत.

एखाद्या मित्राकडे वर्षभर चाललेली, रोगमुक्त टाकी असेल तर हा काळ निम्म्याहून कमी करता येतो. त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत, लगोलग आणून आपल्या फिल्टरजवळ ठेवावा, किंवा त्याचा स्पंज आपल्या टाकीच्या पाण्यात पिळावा. बाहेर येणारा तपकिरी गाळ पाहून किळस आली तरी तोच ठेवा आहे. बाटलीबंद जिवाणूंवर मात्र फार विसंबू नये. ते जिवंत उत्पादन असते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या गोदामातून प्रवास करून आलेल्या बाटलीत काय जिवंत उरले असेल हे सांगणे कठीण आहे. मनी प्लांटची फांदी, मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशी काठावर अडकवली तर ती थोडा अमोनिया आणि पुढे नायट्रेट खेचते, हा स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

हलक्या पाण्याचा सापळा

सगळे नीट चालू असताना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अमोनिया उतरणे अचानक थांबते, अशी तक्रार तलावाचे पाणी वापरणाऱ्यांकडून हमखास येते. कारण असे की एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनवर प्रक्रिया करताना जिवाणू पाण्यातील सुमारे सात मिलिग्रॅम कार्बोनेट क्षारता खर्च करतात. पाण्याची ही क्षारता, म्हणजे केएच, समजा दोन अंश असेल तर लिटरमागे ३६ मिलिग्रॅम शिल्लक असते, आणि नवसागराच्या तीनच मात्रांत ती संपते. क्षारता संपली की सामू कोसळतो, आणि तो सहाच्या आसपास आला की जिवाणूंचे काम जवळजवळ ठप्प होते.

उपाय सोपा आहे. खायचा सोडा लिटरमागे ३० मिलिग्रॅम टाकला की केएच एक अंशाने वाढते. ४५ लिटरला हे प्रमाण १.३ ते १.४ ग्रॅम, म्हणजे चहाचा पाव चमचा, असे येते. मासे नसताना दोन-तीन अंश एकदम वाढवायला हरकत नाही, मासे असताना एका दिवसात एकाच अंशाने वाढवावे. कायमची सोय म्हणून तिसऱ्या, म्हणजे बाजारात खायला मिळणारे शिंपले, यांची कवचे स्वच्छ घासून, उकळून, वाळवून, ओबडधोबड ठेचावीत आणि मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या प्रवाहात ठेवावा. पाणी आम्ल होऊ लागले की शिंपले सावकाश विरघळतात आणि सामू सावरतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्याने ही खटपट करू नये. सजावटीच्या दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तो चुन्याचा दगड आहे आणि पाणी जड करणार. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र शांत राहतो.

मासे आणण्याचा दिवस

सायकल पूर्ण झालेल्या टाकीत जिवाणू २ मिलिग्रॅमच्या रोजच्या खुराकाला सरावलेले असतात, तेव्हा त्यांना आठवडे-दोन आठवडे उपाशी ठेवून मग एखादाच मासा आणण्यात अर्थ नसतो. शेवटची मात्रा आणि मासे यांच्यात एक-दोन दिवसांहून अधिक अंतर पडू देऊ नये. ४५ लिटरमध्ये पहिल्या खेपेला सहा झेब्रा डॅनिओ किंवा पाच-सहा गप्पी आणावेत. त्यांचा रोजचा खुराक जिवाणूंच्या क्षमतेच्या मानाने बराच कमी असतो. तरीही सगळे मासे एकदम आणू नयेत असे सांगण्याचे कारण रोगराईत आहे. दुकानातल्या टाक्यांत कोलकात्याहून, चेन्नईहून आलेले मासे एकत्र झालेले असतात, आणि पहिल्या खेपेतील माशांवर पांढरे ठिपके दिसायचे असतील तर ते पंधरवड्यात दिसतात. दुसरी खेप त्यानंतर आणावी.

दोन फुटी टाकीत गोल्डफिश, ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न ठेवू नये. ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला जाणारा सकर मासा फूटभराहून मोठा होतो आणि जेवढी शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो. नंतर तो नकोसा झाला की लोक तलावात किंवा नदीत नेऊन सोडतात, हे तर अजिबात करू नये.

दुकानातून निघतानाच माशांची पिशवी भरून घ्यावी आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवावी. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. पिशवी उघडल्यावर मात्र वेळ काढू नये. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यामुळे सामू उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात दबलेला असतो. तोंड उघडताच वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. मासे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरून आणले असतील तर दर पाच मिनिटांनी पिशवीत टाकीचे वाटीभर पाणी घालत अर्ध्या तासात मासे सोडणे ठीक आहे. कुरिअरने किंवा रात्रभराच्या प्रवासाने आलेल्या माशांना मात्र तापमान जुळताच लगेच टाकीत घ्यावे, त्यांना तासन्‌तास थेंबाथेंबाने सवय लावणे उलटते. दोन्ही बाबतींत मासे जाळीने उचलून घ्यावेत आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे, ते टाकीत येता कामा नये.

पहिल्या दिवशी खायला घालू नये. दुसऱ्या दिवसापासून दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. खाद्याचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात ठेवावा.

पहिले तीन आठवडे

पहिला आठवडा अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजावे, नंतर दिवसाआड, पुढे आठवड्यातून एकदा. आकडे एका वहीत तारखेसह लिहावेत, कारण एकटा आकडा फार थोडे सांगतो, तो चढतो आहे की उतरतो हे महत्त्वाचे असते. दोन्ही शून्य असावेत. ०.२५ दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद करून तिसरा हिस्सा पाणी बदलावे, ०.५ किंवा अधिक दिसले तर निम्मे बदलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. निम्मे पाणी बदलले की आकडा निम्मा होतो, शून्य होत नाही. त्यामुळे १ वरून ०.२५ वर यायला निम्मे पाणी दोनदा बदलावे लागते. बदलायचे पाणी क्लोरीनमुक्त असावे आणि हाताला जाणवेल इतका तापमानाचा फरक नसावा. आकडे नीट असले तरी आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलून नायट्रेट २० च्या आसपास, निदान ४० च्या आत ठेवावे.

स्पंज कधीही नळाखाली धुवू नये. महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत दोन-चार वेळा पिळावा, तेवढे पुरे. फिल्टर वर्षभर धुतला नाही तरी टाकी चालते, पण एकदा नळाखाली घासून धुतला तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

मासे आधीच आणून झाले असतील तर

वाढदिवसाला टाकी, पंप आणि मासे एकाच संध्याकाळी घरी आले, हेच अधिक वेळा घडते. अशा वेळी मासे परत देता आले तर उत्तम. ते शक्य नसेल तर जिवाणू वाढेपर्यंत त्यांचे काम बादलीने करावे लागते. खाद्य दिवसाआड करावे आणि तेही चिमटीच्या टोकावर मावेल एवढे. अमोनिया रोज मोजून तो तलावाच्या पाण्यात ०.५ च्या आणि बोअरच्या पाण्यात ०.२५ च्या आत राहील इतके पाणी बदलत राहावे. एवढे पाणी बदलल्याने सायकल कधीच पूर्ण होणार नाही, ही भीती खोटी आहे, कारण एवढ्याशा अमोनियावरही जिवाणू वाढतात, फक्त सावकाश.

दोन-तीन आठवड्यांनी नायट्राइट चढेल. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते, रक्ताचा रंग तपकिरी होतो आणि त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, म्हणून पंप सुरू असूनही मासे वरवर येऊन तोंडे उघडतात. येथे साधे मीठ खरोखर कामाला येते. मिठातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते. १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ४५ लिटरला एक सपाट चहाचा चमचा खडे मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओतावे. नायट्राइट दोन-तीनच्या आत असेल तर एवढे क्लोराइड भरपूर होते. पाणी बदलताना जेवढे पाणी काढले तेवढ्याच पाण्याचे मीठ पुन्हा घालावे, संपूर्ण मात्रा नव्हे. मीठ अमोनियावर मात्र काहीही करत नाही.

पावसाळा आणि वीज

पहिल्या मोठ्या पावसानंतर तलावांत गढूळ पाणी येते आणि जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी व क्लोरीन दोन्ही वाढवली जातात. जून-जुलैत नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास नाकाला जाणवत असेल तर हायपोचे प्रमाण दुप्पट करावे किंवा पाणी आणखी एक दिवस पंप लावून ठेवावे. थायोसल्फेट थोडे अधिक पडल्याने मासे दगावत नाहीत.

वीज गेल्यावर मासे तासन्‌तास तग धरतात, जिवाणूंचे मात्र तसे नसते. स्पंज उघड्या पाण्यात असेल तर तो काही तास चांगला राहतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये प्राणवायू लवकर संपतो, म्हणून वीज चार-पाच तासांहून जास्त काळ जाणार असेल तर त्यातला स्पंज काढून टाकीतच तरंगत ठेवावा. बंद डब्यातले शिळे, कुबट पाणी वीज येताच तसेच टाकीत सुटू देऊ नये, ते आधी ओतून टाकावे. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले की त्यात प्राणवायूच कमी मावतो, साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे रोजचे भारनियमन असलेल्या गावात सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवावा आणि त्याचे सेल महिन्यातून एकदा तपासावेत. वीज गेलेल्या दिवशी खायला घालू नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्याच्या डब्याला हात लावण्याआधी अमोनिया मोजावा.